आरपार

रोज दोनदा इन्सुलिन टोचूनही मांजरीची साखर काही उतरेना. म्हाताऱ्या शिंप्याने खापर बायकोवर फोडलं. "तूच चोरून बिस्किटं चारतेस. मारशील तिला!" डबा कुलपात गेला.

पंधरा दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, माझ्यासमोर टोचा बघू."

त्याने मानेची कातडी चिमटीत धरली आणि सफाईने सुई घातली. औषध पलीकडच्या केसांवर ओघळलं.

"अहो, हा तर टाका घातलात! सुई आत थांबवायची."

"पन्नास वर्षं या हाताला आरपारच ठाऊक, पोरी."

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं आणि डब्याची किल्ली बायकोपुढे ठेवली.

तिने किल्लीला हात लावला नाही. "तिला टोचलेलं बाहेर सांडलं हो," ती म्हणाली, "मला टोचलेलं मात्र आतच राहिलं."