निळा ठिपका

"कशाला हात लावू नकोस, मी परीक्षकांना घेऊन येते," असं बजावून लेक गेली आणि प्रयोगशाळेत आई एकटीच उरली.

टेबलावर पांढऱ्या कागदावर लेकीची काच होती. बिस्किटाएवढी. गेली पाच वर्षं लेकीने घरी दुसरा विषय म्हणून काढला नव्हता. कोपऱ्यातल्या पोलादी पिंपातली हवा उपसून काढायची, आत इंडियम आणि कथिल या धातूंच्या चकतीवर विजेने भारलेल्या वायूचा मारा करायचा, उडालेल्या कणांचा पातळ थर काचेवर बसवायचा. प्राणवायू जरा जास्त झाला की थरातून वीज जात नाही, कमी झाला की काच काळवंडते. सत्तरेक काचा वाया गेल्यावर ही एक मनासारखी जमली होती, आरपार दिसणारी आणि तरी वीज वाहून नेणारी. त्यानंतर चकतीच तडकली, म्हणजे दाखवायला होती ती एवढीच. आज तिच्यातून वीज जाताना परीक्षकांना दिसली, तरच पदवीच्या कागदावर सही.

आई वाकून बघू लागली. काचेतलं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वीस वर्षं ती झुलत्या पाळण्यात उभी राहून उंच इमारतींच्या काचा पुसत होती. तिने पुसलेल्या दारावर आजवर तीन साहेबांनी कपाळ आपटून घेतलं होतं, हे ती येईल-जाईल त्याला सांगायची.

लेकीची काच तिला पसंत पडली. आहे की नाही कळू नये, इतकी नितळ. फक्त एका कोपऱ्यात निळा ठिपका होता.

तिचे हात शिवशिवू लागले. एवढी मोठी माणसं येणार आणि पोरीच्या काचेवर डाग? 'हात लावू नकोस' हे तिच्या पक्कं लक्षात होतं. पण पुसणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पिशवीतलं मऊ फडकं काढलं, काच कडेने उचलली, 'हाऽ' करून तोंडाची वाफ सोडली आणि खालच्या अंगाचा ठिपका घासून काढला. मग उचललीच आहे तर दुसरी बाजूही पुसली, चांगली दाबून, कोपऱ्यांपर्यंत. काच कागदावर ठेवून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

परीक्षक आले. पांढरे केस, मोजकं बोलणं. त्यांच्या मागून लेकीचे सर. लेकीने चिमट्याने काच उचलून वीज मोजायच्या यंत्राखाली ठेवली आणि तिच्यावर चार सुया अलगद टेकवल्या. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या. तिने सुया उचलून पुन्हा टेकवल्या. रेघाच. सरांनी वायरी हलवून पाहिल्या. परीक्षकांनी चष्मा काढून हातात घेतला आणि ते म्हणाले की, वीज तर जात नाहीये, मग सही कशावर करायची?

आईला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण लेकीच्या चेहऱ्यातलं सगळं कळत होतं. ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती पुढे झाली.

"साहेब, ती काच मी पुसली. निळा डाग होता तिच्यावर. काही बिघडलं असेल तर ते माझ्या हातून, पोरीला बोल लावू नका."

लेक झटकन तिच्याकडे वळली.

"ठेवताना कुठली बाजू वर ठेवलीस?"

आईला काही केल्या आठवेना.

लेकीने काच उलटी केली. तो ठिपका तिनेच दिलेला होता. थर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खाली ठेवायच्या कोऱ्या बाजूला केलेली खूण. या वेळी सुया टेकल्या आणि पडद्यावर आकडा उभा राहिला. बारा ओहम, म्हणजे वीज सहज जात होती. लेकीने चारही कोपरे मोजले, मध्यभाग मोजला. सगळीकडे बारा, फार तर सव्वाबारा. सरांनी सोडलेला श्वास आईला भिंतीपर्यंत ऐकू आला. लेकीची मान ताठ झालेली पाहून तिचा ऊर भरून आला.

परीक्षकांनी आकडे टिपून घेतले. मग शेवटचा प्रश्न विचारला. केसाच्या तीनशेव्या हिश्श्याएवढा हा थर काचेला धरून राहतो का? घासून पाहिला आहे का?

सरांनी लेकीकडे पाहिलं. ती चाचणी करायची राहूनच गेली होती. लेक मात्र हसली.

"आत्ताच झाली, सर. वीस वर्षं इमारतींच्या काचा पुसणाऱ्या हातांनी घासलाय तो."

परीक्षक आईकडे वळले. किती जोर लावून पुसलीत, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"नेहमीसारखाच," आई म्हणाली. "डाग जाईपर्यंत."

"मग हे नोंदवायला हवं," ते म्हणाले.

लेकीने वही ओढली आणि इंग्रजीत लिहिलं, थर शाबूत. शेवटचा रकाना चाचणी कोणी केली याचा होता. त्यात तिने मराठीत दोनच अक्षरं लिहिली. आकड्यांनी आणि चिन्हांनी गच्च भरलेल्या त्या वहीत आईला कळला तो तेवढाच शब्द.