जोडणी झाली

दादा ऑपरेशनच्या टेबलावर होता आणि त्याच्या दुर्मिळ गटाचं रक्त हॉस्पिटलच्या रक्तपेढीत नव्हतं. गावोगावच्या रक्तदात्यांची माहिती दूरच्या एका सर्व्हरवर होती, पण पेढीच्या संगणकातला प्रोग्राम काही केल्या त्याला जोडला जात नव्हता.

"मघापासून सारखा राऊटर बंद-चालू करतोय," तंत्रज्ञ रडकुंडीला येऊन म्हणाला.

"अहो, त्यानेच दर वेळी आपला इंटरनेटचा पत्ता बदलतोय," मी म्हणाले. "सर्व्हर अनोळखी पत्त्याला दारात उभं करत नाही."

"वन्सं, त्यांची शिकवणी नंतर घ्या," वहिनी म्हणाली. "आधी रक्त बघा."

सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना फोन करून मी नवा पत्ता नोंदवून घेतला, आणि प्रोग्राम एकदाचा जोडला गेला. दादाचा गट निवडताच पडद्यावर एकच दाता आला. नाव गुप्त ठेवलेलं होतं, फक्त मोबाईल नंबर होता. तंत्रज्ञाने तो लगेच लावला.

"रिंग जातेय," तो म्हणाला.



वहिनीच्या पर्समध्ये दादाचा फोन वाजू लागला.