आतला कॉम्प्युटर

मुलांनो, कल्पना करा, एका कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर आहे. कोंढा गावच्या रंजूच्या दादाने, भूपेशने, तो बनवला होता. त्यातच त्याने स्वतःची गाणी भरून ठेवली होती. मासे धरायचे अडकलेले जाळे सोडवायला तो तलावात उतरला आणि बुडाला, त्याला आज वर्ष झाले. आईला एकदा त्याचा आवाज ऐकायचा होता.

पण आतला कॉम्प्युटर सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ येई: ‘आत कोणीतरी काम करत आहे.’

रंजूने सगळे बंद करून पुन्हा लावले. तीच ओळ. इंटरनेटची वायर काढली. तरी तीच ओळ.

“आत कोणी असलं का कॉम्प्युटर कुलूप लावते. जुनं कुलूप अडकलं असन,” कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कुलदीपकाका फोनवर म्हणाला. “त्याची फाईल रायते, ते पुसून टाक.”

फाईल सापडली. जुन्या कुलपावर जुनी वेळ हवी, पण तिच्यावर आत्ताची वेळ होती. रंजूच्या डोळ्यांदेखत ती वेळ एक मिनिट पुढे सरकली.

“काहून थांबली वं? आयकू दे ना मले,” आई म्हणाली.

बुडी मारलेल्या माणसाच्या कमरेचा दोर ओढण्याआधी दोन हलके झटके देऊन ‘ओढू का?’ असे विचारायचे, ही त्यांच्या घरची रीत. गेल्या वर्षी रंजूने घाबरून भूपेशचा दोर न विचारता तसाच ओढला होता. दोर रिकामा आला होता.

रंजूने फाईल पुसायच्या बटणावरचे बोट उचलले, पडद्यावर दोनदा हलकेच टकटक केले आणि काचेला कान लावला.