काळी वाळू

"भातात परत खडे," आमचे हे ताटाशी तोंड नेऊन पुटपुटले. तांदूळ मी तीनदा निवडले होते.

मुलगा शिवराज कंपनीतर्फे बालीला जाऊन आला. तिथल्या काळ्या किनाऱ्यावर, पानाच्या द्रोणात फुलं आणि भात ठेवलेला त्याला दिसला. हिंदूंचं बेट, म्हणजे प्रसादच, असं समजून आमच्या शहाण्यानं तो वाळवून घरी तंजावूरला आणला. तिथे जमिनीवर ठेवतात तो भात देवाचा नसतो, भुताखेतांचा असतो, हे त्याला कोण सांगणार! सगळ्यांनी दोन-दोन शितं खाल्ली.

तेव्हापासून इडली खाल्ली तरी दाताखाली वाळू येते. काळी, ओली, कुजक्या मासळीच्या वासाची. थुंकलं तरी जिभेवर बुळबुळ राहते. आठ दिवस आम्ही नळाच्या पाण्याला नावं ठेवतोय.

आजही सगळे उठून मोरीत थुंकलो. सून विनुता तेवढी बसून राहिली. तिला सातवा महिना आहे. ती करकर चावत होती, आणि प्रत्येक घासाला तिचं पोट हलत होतं. आठ दिवस हे सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी मीच तिच्या पाठीवर हात ठेवला. "विनुता, तू थुंकत नाहीस. कोणाला भरवतेस गे?"