निळी ताडपत्री

जन्मभर मी खडूने फळ्यावर पनवेल काढलं. आज शिक्षिका झालेल्या भाचीच्या वर्गात पडद्यावर उपग्रहाने टिपलेलं पनवेल पाहत होते. "प्रत्येकीने आपल्या घरावर एकच खूण लावायची. मावशी, तूसुद्धा," भाची म्हणाली. प्रांजलची खूण खारघरच्या टॉवरवर लागली. कातकरवाडीची संजना डोंगरापाशी थबकली. तिथे कुडाच्या चार भिंती होत्या, छप्पर नव्हतं. "हे घर नाहीच," प्रांजल म्हणाली. "आमचंच हाय. आमी वीटभट्टीवर गेलेलो तवाचा फोटू हाय. छपराची ताडपत्री संगं नेतो." मला माझ्या वर्गातले, दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलांचे रिकामे बाक आठवले. संजनाने नकाशा सरकवला. भट्टीशेजारी निळा चौकोन दिसला. "हे बघ, छप्पर इथं." "मग खूण कुठे लावशील?" प्रांजलने विचारलं. संजनाचं बोट दोन्हीकडे फिरलं. खूण एकच होती. "माझी घे गं," मी म्हटलं. "बाई, तुमचं घर?" "ते कुठे जातंय?"