बादलीतला सेन्सर

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! रंगाच्या कारखान्यातला ऑपरेटर सांडपाणी तपासायचा सेन्सर नाल्यात न सोडता त्याच नाल्याकाठच्या आपल्या घरून आणलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा. त्यामुळे हेड ऑफिसच्या डॅशबोर्डवर सगळं कसं हिरवंगार! एका सकाळी त्याने बादलीतलं पाणी बदललं आणि डॅशबोर्ड लालभडक झाला. मॅनेजरसाहेब धावतच आले.

"काय कालवलंस रे बादलीत?"

"काही नाही साहेब. घरच्या हापशाचं पाणी आहे. पोरं आत्ता हेच पिऊन शाळेत गेलीत."

"उद्यापासून बाटलीचं घाल."

"आणि घरी, साहेब?"

"घरी कुठे डॅशबोर्ड आहे?" असं म्हणून साहेब हसले.

हसले, एवढं मात्र मी पदरचं घातलं हं. ते अगदी मनापासून विचारत होते.