कण्यांचा चारा

मालगुजारी अजून गेली नव्हती, त्या साली हिंगणीच्या तळ्याचे मालक प्रभाकरराव यांना गळाने मासे धरण्याचा नवा शौक लागला. यंदा तळ्यात जाळं टाकू द्यायचं की नाही, हे ते अजून बोलले नव्हते, आणि तानबा ढिवराची चूल त्या जाळ्यावरच पेटायची. मालकांना डोंग्यातून तळ्यामधल्या बेटावर नेण्याचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याला वाटलं, देवच पावला.

रोज एका जागी चारा पडला की मासा ती जागा सोडत नाही, हे ढिवराला शिकवावं लागत नाही. तानबा महिनाभर बेटाजवळ ज्वारीच्या कण्यांचे गोळे टाकत राहिला.

"लेकरायच्या ताटातल्या कण्या मासळीले काऊन चारून राह्यले?" बायको गिरजा करवादली.

"मालक खूश झाले तं जाळं टाकू देतीन. मंग खाऊ दे लेकरायले पोटभर."

महिना भरला, त्या दिवशी बेटावर मालकांनी गळ टाकायचा अवकाश, की मासा लागलाच. दुपारपर्यंत टोपली भरली. मालक लहान पोरासारखे हसत होते. ती वेळ साधून तानबाने हात जोडले.

"मालक, तुमच्यासाठी महिनाभर कण्या चारल्या म्या. आता जाळ्याचं तेवढं पाहा."

प्रभाकररावांनी प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारली.



"तू चारा टाकतच राहाजो, तानबा, जाळं मात्र आता कोणाचंच पडू देत नाई, दर रविवारी नागपूरचे पाहुणे येतीन गळ घेऊन."